दगडधोंड्यांवरची मोटारसायकल : तिची निगा आणि ने-आण

मोटारसायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वेग येतो. कानठळ्या बसवणारा आवाज येतो. जो पुढे गेला तो जिंकला, असा साधा हिशेब. पण मोटारसायकलचा असाही एक खेळ आहे की त्यात वेगाला बक्षीस नाही. गाडी माणसाच्या चालीने चालते. कधी तर जागच्या जागी उभी राहते. तरी पाहणारे श्वास रोखून पाहत असतात. या खेळाला ‘ट्रायल’ म्हणतात. ट्रायल म्हणजे कसोटी.

ही कसोटी कशी असते, ते आधी पाहू. ओढ्याचे पात्र, शेवाळलेले दगड, झाडांची मुळे, चिखलाची चढण अशा जागी दोन्ही बाजूंना खुणा लावून एक अरुंद वाट आखतात. तिला आपण टप्पा म्हणू. या वाटेने गाडीवाल्याने पाय न टेकता जायचे. शेजारी निरीक्षक उभा असतो. एकदा पाय टेकला की दंडाचा एक गुण. दोनदा टेकला की दोन. तीनदा टेकला, किंवा त्याहून जास्त वेळा टेकला, तरी तीनच. मात्र गाडी पडली किंवा खुणांच्या बाहेर गेली, की पाच. शेवटी ज्याच्या नावावर दंड सर्वांत कमी, तो पहिला.

खेळ मूळचा ब्रिटनचा. तेथे उत्तरेला स्कॉटलंड हा डोंगराळ मुलूख आहे. तेथली सहा दिवसांची ट्रायल प्रसिद्ध आहे. ती १९०९ साली पहिल्यांदा झाली. फोर्ट विल्यम हे तिचे आजचे ठाणे. गाडीवाल्यांना दिवसाला तीसच्या आसपास टप्पे पार करावे लागतात, आणि टप्प्याटप्प्यांमधली वाट धरून दिवसाची मजल शंभर मैलांपर्यंतही जाते. आपल्याकडे जिला सारे ओळखतात त्या बुलेटचेही या खेळाशी जुने नाते आहे बरं का. मागच्या चाकाला धक्के झेलणारी जोडणी असलेली नवी बुलेट १९४८ साली ब्रिटनमध्ये लोकांपुढे आली, ती कोलमोर नावाच्या ट्रायलमध्ये. पुढे जॉनी ब्रिटन या गाडीवाल्याने १९५२ व १९५७ साली स्कॉटलंडची ट्रायल रॉयल एन्फील्डवर जिंकली. १९५५ पासून तीच बुलेट मद्रासला तयार होऊ लागली. मग काळ बदलला. १९६५ साली सॅमी मिलर याने स्पेन देशाच्या बुल्टाको गाडीवर स्कॉटलंडची ट्रायल मारली, आणि जड गाड्यांचे दिवस संपत आले. आज स्पेनचाच तोनी बोऊ या खेळातला राजा आहे. २००७ ते २०२४ अशी ओळीने अठरा वर्षे जागतिक अजिंक्यपद त्याच्याकडे राहिले.

खेळाचे एवढे वर्णन पुरे. आम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच. नवा माणूस खेळात उतरतो तेव्हा त्याचे सारे लक्ष दगडांवर असते. पण गाडी बिघडते ती बहुधा दगडाने नव्हे. ती बिघडते पाण्याने, चिखलाने आणि सैल झालेल्या बोल्टाने. आणि माणूस जायबंदी होतो तोही पुष्कळदा टप्प्यात नव्हे. गाडी चढवताना, उतरवताना, धूत-पुसत असताना होतो. म्हणून गाडीची निगा कशी राखावी, आणि तिची ने-आण कशी करावी, हे आज पाहू. ज्यांच्या दारात साधी मोटारसायकल आहे, किंवा जे गॅरेजात काम करतात, त्यांच्याही उपयोगाचे यात पुष्कळ आहे.

ट्रायलची गाडी दिसायला सांगाड्यासारखी असते. तिला बसायला गादीच नसते. चालवणारा पायदाणांवर उभा राहूनच चालवतो. वजन सुमारे सत्तर किलो. आजची ३५० ची बुलेट सुमारे १९५ किलो भरते, त्यावरून अंदाज करा. पेट्रोलची टाकी अडीच-तीन लिटरची. पोटाखाली ॲल्युमिनियमची जाड पाटी असते. दगडावर गाडी आपटली तर घाव तिने झेलायचा.

आता टायरची हवा. रस्त्यावरच्या मोटारसायकलीत आपण पंचवीस-तीस पौंड हवा भरतो. ट्रायलच्या गाडीत मागे साधारण चार पौंड आणि पुढे पाच-सहा पौंड! तुम्ही म्हणाल, ही तर पंक्चरच झाली. तसे नाही. हवा कमी असली की टायर दगडावर पसरतो. हाताचा पंजा पसरून भिंतीला टेकावा तसा तो दगड धरतो. हवा जास्त झाली तर टायर चेंडूसारखा उडतो आणि घसरतो. फारच कमी झाली तर दगड थेट रिमवर बसतो आणि रिमला पोक येतो. म्हणजे एका पौंडाचा फरकही मोठा. पंपावरचा नेहमीचा काटा शंभर-दीडशे पौंडांपर्यंत दाखवतो. त्याला चार आणि पाच यांतला फरक कळत नाही. सोने तोलायला धान्याचा काटा कोणी वापरतो का? येथे शून्य ते पंधरा पौंड दाखवणारा लहान काटा घ्यावा. हवा घरी भरून निघावे आणि मैदानावर पोचल्यावर पुन्हा मोजावी. कारण बंद गाडीत उन्हाने हवा तापते आणि काटा वर जातो. पण एवढ्या कमी हवेवर सडकेने वेगात जाऊ नये. गाडी वळणावर झोलते.

दुसरी गोष्ट हवेच्या गाळणीची. तिला सगळे एअर फिल्टर म्हणतात. इंजिन पेट्रोल पिते तशी हवाही ओढते. त्या हवेबरोबर धूळ आत गेली तर सिलिंडर आणि पिस्टन घासून निघतात. ट्रायलच्या गाडीत ही गाळणी स्पंजाची असते आणि ती तेलात भिजवलेली असते. धूळ तेलाला चिकटते, हवा पुढे जाते. ओढ्यातून, चिखलातून दिवसभर गाडी चालवली की गाळणी काढून पाहावीच. धुताना पेट्रोल वापरू नये. त्याचा भडका उडू शकतो, आणि स्पंजाचे जोडही सुटतात. गाळणी धुण्याचे द्रव मिळते ते घ्यावे, नाहीतर साबणाचे कोमट पाणी चालते. स्पंज दाबून पाणी काढावे. धोतरासारखा पिळू नये, फाटतो. सावलीत पूर्ण वाळू द्यावा. मग गाळणीचे तेल सर्वत्र मुरवून जास्तीचे दाबून काढावे. बसवताना कडेला थोडे ग्रीस लावावे, म्हणजे फटीतून धूळ शिरणार नाही. दोन गाळण्या बाळगणे उत्तम. एक गाडीत, एक वाळत.

गाडी धुणे हा नवख्यांचा आवडता उद्योग, आणि नुकसानही त्यातच होते. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र हाती आले की माणसाला हुरूप येतो. तो चाकाच्या बेअरिंगवर, दांड्याच्या सांध्यावर, साखळीच्या कड्यांवर फवारा धरतो. जोराचे पाणी रबरी सीलमधून आत शिरते आणि ग्रीस धुऊन नेते. मग बाहेरून गाडी चकचकीत आणि आतून गंज! फवारा लांबून धरावा, सांध्यांवर धरूच नये. हवा आत घेण्याचे तोंड आधी झाकावे. सायलेन्सरच्या तोंडाला बोळा लावावा, आणि तो आठवणीने काढावा. इंजिन थोडे निवू द्यावे. पोटाखालच्या पाटीत चिखल आणि पाला साचतो तो काढावा, नाहीतर ओल धरून बसतो. साधी बादली, ब्रश आणि फडके यांनी काम होत असेल तर आमच्या मते तेच बरे.

आणि धुताना नजर चालते. हे फार महत्त्वाचे. कोणता बोल्ट सैल झाला, कोठे तेल झिरपते, कोठे रंग घासला, हे हात फिरल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे गुराख्याला जनावर धुताना गोचीड आणि जखम सापडते, तसेच हे. चाकाच्या तारांवर पान्याने हलकेच टिचकी मारून पाहावी. घट्ट तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द वाजते. नव्या गाडीच्या तारा पहिल्या एक-दोन दिवसांतच सैल होतात, तेव्हा सुरुवातीला जास्त लक्ष द्यावे.

आता पेट्रोल. ट्रायलच्या पुष्कळ गाड्या दोन-ठोक्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक असतात. ज्यांनी जुनी बजाज चेतक, राजदूत किंवा येझदी चालवली आहे त्यांना आठवेल, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यावे लागे. येथेही तेच. पेट्रोलमधले ऑइल हेच इंजिनाचे वंगण. ते विसरले तर पिस्टन सिलिंडरला धरतो, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत इंजिन ‘सीज’ होते, आणि मोठा खर्च निघतो. किती मिसळायचे? गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते तेवढे. समजा लिहिले आहे, ऐंशीला एक. पाच लिटर पेट्रोल म्हणजे ५००० मिलिलिटर. त्याला ८० ने भागले की साडेबासष्ट मिलिलिटर ऑइल. त्रैराशिक कशाला शिकायचे, असे विचारणारी मुले आम्हाला दर वर्षी भेटत. त्यांना हे उत्तर द्यायला हवे होते! मोजायला खुणा असलेले छोटे भांडे ठेवावे. अंदाजाने ओतू नये. डब्यावर तारीख आणि प्रमाण लिहून चिठ्ठी लावावी, म्हणजे साधे पेट्रोल कोणते आणि मिसळलेले कोणते, हा घोटाळा होत नाही.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याकडे २०२५ सालापर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावे. नाहीतर बारीक भोके चिकटतात आणि पुढच्या रविवारी किक मारून मारून पाय दुखतो, गाडी काही चालू होत नाही.

गिअरचे तेल वेळोवेळी बदलावे. जुने तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे आणि जाणत्याला दाखवावे. ब्रेकचे तेल आणि क्लचचे तेल काही गाड्यांत निराळ्या जातीचे असते. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरे फुगून निकामी होतात. झाकणावर लिहिलेले वाचून मगच ओतावे. गाडी बरेच दिवस उभी असली तर क्लचच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात. अशा वेळी क्लच दाबलेला असूनही गिअर टाकताच गाडी उडी घेते. उपाय सोपा आहे. इंजिन बंद ठेवून गिअर टाकावा, क्लच दाबावा, आणि गाडी मागे-पुढे हलवावी. पट्ट्या सुटल्या की चाक मोकळे फिरते. मग इंजिन चालू करावे.

साखळीबद्दल जरा खडसावून सांगतो. तिला सगळे चेन म्हणतात. गाडी धुतली की चेन पुसून तिला तेल द्यावे, हे खरे. पण इंजिन चालू ठेवून, चाक फिरत असताना, फडक्याने चेन पुसू नये. कधीही नाही. फडके दात्यांत अडकते आणि त्यामागून बोट जाते. गाडी हळू चालते म्हणून दातेही हळू कापतील, असे नाही. या गाड्यांच्या मागच्या दात्यांना बोट अडकू नये म्हणून आडपाटी बसवलेली असते. ती काढून टाकू नये. इंजिन बंद, गिअर मोकळा, आणि चाक हाताने फिरवून तेल द्यायचे. तेलाचा थेंब ब्रेकच्या तबकडीवर पडू देऊ नये. तसेच मनगटाला बांधायची एक दोरी असते. माणूस पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन आपोआप बंद होते. दोरी हँडलला नुसती लटकावून ठेवणारे शूर गडीही असतात. पडलेल्या गाडीचे फिरते चाक अंगावर आले की शौर्य कळते.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर मागचे चाक उचलून वर-खाली हलवून पाहा. खडखड झाली तर खालच्या सांध्यांची बेअरिंगे गेली. ओढ्याचे पाणी पहिल्यांदा तेथेच शिरते. हे सांधे वर्षातून एक-दोनदा उघडून, पुसून, ग्रीस भरून बसवावे.

आता ने-आण. ट्रायलचे टप्पे गावापासून दूर, डोंगरात किंवा एखाद्याच्या शेतात असतात. म्हणून गाडी दुसऱ्या गाडीत घालून न्यावी लागते. ब्रिटनमध्ये यासाठी बंद व्हॅन, मागे जोडायचा ट्रेलर, किंवा मोटारीच्या मागे लावायची फळी वापरतात. यांपैकी व्हॅन सर्वांत सोयीची.

व्हॅनमध्ये चढवायला उताराची फळी लागते. पुष्कळ घोटाळे या फळीवरच होतात. फळीचे वरचे टोक पट्ट्याने व्हॅनला बांधावे. नाहीतर पुढचे चाक आत गेल्यावर मागच्या चाकाच्या रेट्याने फळी निसटते, आणि गाडी व माणूस दोघेही खाली. इंजिन बंद ठेवावे आणि गाडी ढकलत न्यावी. उडी मारून चढवण्याची हौस दुसरीकडे भागवावी. मध्येच दम लागला तर काय करायचे? पुढचा ब्रेक दाबून फारसा उपयोग नाही, कारण चढावर भार मागच्या चाकावर असतो आणि पुढचे चाक घसरते. त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि क्लच दाबून ढकलावे. क्लच सोडला की मागचे चाक जागी धरले जाते. व्हॅन उंच असेल तर स्वतःला पाय ठेवायला शेजारी एक पेटी ठेवावी. आणि सोबत कोणी असेल तर हाक मारावी. त्यात कमीपणा नाही.

आत गेल्यावर बांधणे. पुढचे चाक व्हॅनच्या पुढच्या भिंतीला टेकवावे. हँडलच्या दोन्ही बाजूंनी एकेक पट्टा घेऊन तो पुढे आणि बाहेरच्या अंगाला, जमिनीच्या कड्यात अडकवावा. दोन्ही पट्टे सारखे ओढावे. पुढची स्प्रिंग तिच्या चालीच्या तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्यापर्यंत दबली की पुरे. पार दाबून टाकली तर सील फुटून तेल गळते. सैल ठेवली तर खड्ड्यात गाडी दबते, पट्टा ढिला होऊन आकडा सुटतो आणि सत्तर किलोचा ऐवज आत लोळू लागतो. मागच्या चाकालाही एक पट्टा घालावा, म्हणजे ते नाचत नाही. बाजूच्या पायावर उभी करून बांधू नये, तो पाय वाकतो. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा चाचपावे. टेम्पोत मोटारसायकल नेणारे आपले ड्रायव्हर हे करतात, त्यांना सांगावे लागत नाही.

बंद व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास म्हणजे धोक्याची घंटा. टाकीचा नळ बंद हवा. डबा पेट्रोलसाठीच बनवलेला हवा, आणि त्याचे झाकण घट्ट हवे. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे घरी पेट्रोल साठवायचा प्लॅस्टिकचा डबा दहा लिटरपेक्षा मोठा चालत नाही, पत्र्याचा वीस लिटरपर्यंत चालतो. व्हॅनच्या काचा थोड्या उघड्या ठेवाव्या. विडी-सिगारेट अजिबात नको. आणि त्याच व्हॅनमध्ये रात्री झोपणार असाल तर गाडी व डबा आधी बाहेर काढा.

मोटारीच्या मागची फळी स्वस्त पडते, म्हणून नवखे तिच्याकडे वळतात. येथे हिशेब करा. मोटारीच्या मागच्या आकड्यावर किती भार चालतो, तो आकडा मोटारीच्या पुस्तकात असतो. लहान मोटारीला तो पुष्कळदा ७५ किलो किंवा त्याहून कमी असतो. मोटारसायकल ७० किलो, फळी समजा २० किलो. झाले ९० किलो! म्हणजे भार जास्त झाला. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, आणि बैलांचा जोर लागत नाही. तसेच मोटारीचे पुढचे नाक उचलते, पुढची चाके जमीन नीट धरत नाहीत, वळवताना आणि ब्रेक लावताना दगा होतो. ट्रेलरलाही हाच न्याय. भार थोडा पुढच्या अंगाला असावा. मागे गेला तर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. ब्रिटनमध्ये ट्रेलरला ओढणाऱ्या मोटारीचाच नंबर मागे लावावा लागतो, दिवे चालू लागतात, आणि मोठ्या रस्त्यावरही ताशी ६० मैलांहून जास्त वेग चालत नाही.

मैदानावर पोचल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती जमीन कोणाची तरी असते. बहुधा शेतकऱ्याची. फाटक जसे होते तसे लावायचे, पेट्रोल आणि तेल मातीत सांडायचे नाही, गाडीखाली चटई घालायची. २००१ साली ब्रिटनमध्ये गुरांना लाळ्या-खुरकूत लागली. तो रोग चाकांच्या आणि बुटांच्या चिखलाबरोबरही एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. त्या वर्षी स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायलही झाली नाही. म्हणून एका शेतातला चिखल दुसऱ्याच्या शेतात न्यायचा नाही. गाडी धुऊनच पुढच्या गावी न्यायची.

संध्याकाळी दमून घरी आल्यावर गाडी तशीच व्हॅनमध्ये बांधून ठेवण्याचा मोह होतो. निदान पट्टे सोडावे, म्हणजे पुढची स्प्रिंग रात्रभर दबलेली राहत नाही. ओली गाळणी काढून ठेवावी. चेनला तेल द्यावे. पट्टे चिखलाचे असतील तर पाण्यातून काढून दोरीवर वाळत घालावे, कारण वाळूचे कण राहिले तर पट्ट्याचे सूत आतून कापते. शिवण उसवलेली दिसली तर तो पट्टा टाकून द्यावा. बाकीचे काम सकाळी उजेडात केले तरी चालते.